राखणदार ऑनलाइन आहे

...नाही, पण मग मी फळ्यावर लिहू तरी काय, ते एकदा कुणीतरी सांगा मला! कारण जे लिहायला सांगितलं होतं ते मी लिहिलं, चांगलं ठळक लिहिलं, 'अनोळखी माणसाशी फोनवर बोलू नका', खाली दोन रेघा ओढल्या, पोरांकडून घसा बसेस्तोवर म्हणून घेतलं... आणि तुम्हाला सांगते, एकही पोर अनोळखी माणसाशी बोललं नाही हो! एकही नाही! इतकी आज्ञाधारक मुलं मी आख्ख्या नोकरीत पाहिली नाहीत. आणि तिथंच तर सगळं बिघडलं.

आता तुम्ही म्हणाल, कालिंदीबाई, जरा पहिल्यापासून सांगा. सांगते. मी राहायला महाडला, शाळा माझी खोंडवाडीला. खोंडवाडी म्हणजे पोलादपूर सोडलं, आंबेनळीचा घाट चढायला लागलं, की उजव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो, त्या रस्त्यानं जीपवाला 'बाई, उतरा आता, पुढं गाडीला नाय जमत' म्हणेपर्यंत जायचं, आणि तिथून पुढं पाय आपले आहेतच. वर गेलं की एकच अंगण. त्याच्या या बाजूला शाळा, समोर भैरीचं देऊळ. वाडीत म्हातारी माणसं आणि पोरं. मधली सगळी मुंबईला! म्हणून प्रत्येक घरात पोराच्या हाती एक फोन, कारण आई फोनमध्ये राहते ना. मग मी कोणत्या तोंडानं सांगू, फोन ठेवा म्हणून?

तर वरून आदेश आला, प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी एक शिक्षक जबाबदार. आमच्याकडं शिक्षक दोन, त्यातले एक आजारी रजेवर. झाले मी जबाबदार! पोलादपूरला प्रशिक्षण. शिकवायला कोण, तर रुचिर म्हणून एक मुलगा, आमच्या महाडचाच, चुणचुणीत. त्यानं पडद्यावर चित्र दाखवलं, काळोख, काळोखात एक माणूस, डोक्यावरून टोपडं ओढलेलं, तोंड दिसत नाही, पुढ्यात कॉम्प्युटर. म्हणाला, मॅडम, हा असतो तो अनोळखी माणूस. मी विचारलं, याला हुडहुडी भरलीय का? सगळे हसले, चहा झाला, वडा झाला, त्याच चित्राचं एक भलंमोठं पोस्टर गुंडाळून हातात दिलं आणि आम्ही सुरक्षित होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टर वर्गात लावलं. सगळं समजावून झालं, म्हटलं, काही शंका? तर पाचवीतली मैना उभी राहिली. 'बाई, राखणदाराशी बोललं तर चालंल?' मी म्हटलं, अगं, राखणदाराशी बोलायला फोन कशाला लागतो? तर म्हणते, 'पण तोच मेसेज करतो ना.'

आता राखणदार म्हणजे काय, ते सांगते. महाडात जन्म गेला तरी मलाही धड ठाऊक नव्हतं. वाडीची हद्द जिथं घाटरस्त्याला लागते, तिथं सावरीच्या झाडाखाली एक शेंदूर फासलेला दगड आहे. तो राखणदार. वाट चुकलेल्या माणसाला घरापर्यंत आणून सोडतो म्हणतात. दिसत नाही कुणाला. मागून फक्त काठीचा आवाज येतो, ठक... ठक... तुम्ही मागं वळून बघायचं नाही, मुकाट चालायचं. उंबऱ्याशी पोचलात की आवाज थांबतो. वर्षातून एकदा सगळ्या वाडीनं जाऊन त्याला नारळ नि कोंबडा द्यायचा, त्याला म्हणतात राखण. असा हा राखणदार, आणि तो म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर!

मी म्हटलं, आण बघू. पोरांनी फोन पुढं केले. एकानं नाही, सगळ्यांनी. नाव राखणदार, फोटो त्या दगडाचा. आणि खाली मेसेज... 'मैना, देवळाच्या पायरीवर शेवाळ आहे, जपून.' 'साहिल, दप्तराचा बंद तुटलाय, वह्या पडतील.' 'श्रुतिका, आज लाल रिबीन. छान दिसते.' मी म्हटलं, हे कधीचं? श्रुतिका म्हणाली, 'आत्ताचं बाई, मधल्या सुट्टीतलं.' मी तिच्या वेणीकडं पाहिलं. लाल रिबीन. खिडकीतून बाहेर पाहिलं. आषाढातलं धुकं, अंगणात एक कोंबडी, समोर देऊळ, आणि माणूस म्हणून कोणी नाही. माझ्या अंगावर काटा आला, पण वर्गापुढं बाईंना काटा येऊन चालत नाही. म्हटलं, अरे, आत्ता काय शिकवलं मी? अनोळखी माणसाशी...

तर आख्खा वर्ग एका सुरात, 'अनोळखी कुठंय बाई? आपलाच हाय तो!'

मी काय केलं असेल? एकेकाचा फोन घेतला आणि माझ्या हातानं तो नंबर बंद केला. पोरं अशी बघत होती, जशी काय मी देवाच्या दगडावर धुणं आपटलंय. आणि सकाळी येते तर नवा नंबर, तोच दगड, सगळ्यांना एकच मेसेज. 'बाईंवर रागावू नका. त्यांना आपल्या गावची रीत ठाऊक नाही.' तुम्हाला सांगते, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण हे असं समजुतीनं... मी खुर्चीत बसले ती प्रार्थनेला उठलेच नाही.

मग वाडीची बैठक बोलावली. म्हटलं, कुणीतरी नीच माणूस आहे, पोरांवर नजर ठेवून आहे, हे नंबर पोलिसांत द्यायचेत. श्रीपत गुरव, देवळाचं सगळं तोच बघतो, शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, 'बाई, आदी काठी आपटायचा, आता मेसेज करतो. काळ बदलला त्याला तो काय करंल?' मी म्हटलं, श्रीपतदादा, दगडाला सिमकार्ड कोण देतं? तर म्हणतो, 'ते आपल्याला काय ठावं, आपण काय दुकानदार हाय?' आणि ही बनुबाई, श्रुतिकाची आजी, मला जवळ घेऊन, पाठीवरून हात फिरवत, 'बाई, तुम्ही भिऊ नुका. आपलाच हाय तो.' म्हणजे मी त्यांच्या लेकरांसाठी जीव काढतेय आणि धीर मलाच! तरी मी नंबर पोलिसांकडं दिले. त्यांनी लिहून घेतले, शोधतो म्हणाले. सिमकार्ड निघालं कुठल्या तरी परराज्यातल्या बाईच्या नावावर, आणि त्या बाईला पत्ताच नाही.

यानंतर चारेक दिवस काही नाही. मी म्हटलं, गेला वाटतं. आणि बनुबाई शाळेत आली. नवं लुगडं, केसांना तेल, तोंडभर हसू. 'बाई, उद्या आमच्या श्रुतिकाला सुट्टी देवा.' म्हटलं, काय हो, मुंबईहून आईबाबा येतायत का? 'नाय वो. राखणदारानं बोलावलान हाय तिला.'

माझ्या हातातला खडू कुठं गेला मला आठवत नाही. श्रुतिकाचा फोन घेतला. त्यात होतं, 'उद्या शाळेच्या वेळेला हद्दीवर ये. एकटी ये. कुणाला सांगू नको. सांगितलंस तर मुंबईत तुझ्या आईबाबांची राखण सुटेल.' आणि त्याच्या वर, आधीच्या दिवसांचे... 'फोटो पाठव, राखण करायला तोंड दिसलं पाहिजे.' 'अजून एक पाठव.' 'आजीला दाखवू नको.' पोरगी सातवीतली हो. वर्गात सगळ्यात मोठ्यानं पाढे म्हणणारी पोरगी, गेले कित्येक दिवस गप्प का, तर म्हणे पोट दुखतंय. हे पोट दुखत होतं!

आता तुम्ही विचाराल, कुणाला सांगू नको म्हटलं होतं तर आजीला कळलं कसं? तर ऐका. राखणदाराकडं रित्या हातानं जाता येत नाही! नारळ लागतो. नारळ आजीच्या फडताळात, कुलपात. पोरीनं नारळ मागितला, आजी म्हणाली कशाला गो, आणि झालं. तुम्हीच बघा, माझ्या पोस्टरनं वाचवलं नाही, प्रशिक्षणानं नाही, एका नारळानं वाचवलं.

वाचवलं कसलं, अजून कुठं वाचली होती! मी म्हटलं, पोर हद्दीवर जाणार नाही. तोवर आख्खी वाडी जमलेली. बनुबाईचं हसू गेलं. ती रागावली नाही, पण जे बोलली ते मला अजून झोपताना ऐकू येतं. 'बाई, तुम्ही बदली घेऊन जाल. आमाला त्याच्या राज्यात ऱ्हायचंय. माजा लेक नि सून तिकडं मुंबैला हायेत, त्यांच्या पाठी कोन हाय? त्यानं बोलावल्यावर नाय म्हणू?' मी त्या दिवशी महाडला गेलेच नाही, बनुबाईच्याच घरी राहिले. पोलिसांना फोन लावला, म्हणजे देवळाच्या वरच्या पायरीवर उभं राहून, कारण बोलता येईल एवढी रेंज तिथंच, अगदी देवाच्या पुढ्यात. साहेब म्हणाले, येतो बाई, पण खाली दरड आलीय, वेळ लागेल, मुलीला एकटं सोडू नका.

आणि इथं, तुम्हाला सांगते, श्रीपत माझ्या मदतीला आला. मुद्दाम नाही, रीतीनं. तो म्हणाला, 'एकटी कशी जाईल? राखणदाराकडं कोन एकटं जातंय का? त्यानं चुकून लिवलान असंल.' आख्खी वाडी म्हणाली, खरंच की, चुकून लिवलान असंल! मग काय विचारता! सकाळी ढोल निघाला. सनई निघाली. कोंबडा निघाला, टोपलीत, मान बाहेर काढून. कोंबडा कापायचा म्हणून कोयते निघाले, लाकडं तोडायला म्हणून अजून कोयते निघाले. ज्यांना गुडघ्यानं चालवत नाही त्या म्हाताऱ्या काठ्या घेऊन निघाल्या. आणि सगळ्यांच्या मध्ये मी, आणि माझ्या मुठीत श्रुतिकाचा हात. मी तो हात सोडणार नव्हते, राखणदार येवो, भैरी येवो की शिक्षणाधिकारी.

वाटेत धुकं इतकं की पुढचा ढोल नुसता ऐकू येत होता. पोर चालता चालता म्हणाली, अगदी हळू, 'बाई, मला यायचं नव्हतं. फोटो पन पाठवायचे नव्हते. पण तो आपलाच हाय ना?' मी नुसती मूठ घट्ट केली. आणि माझ्याकडं हसू नका, मी विज्ञान शिकवते, तरी सांगते, ढोल थांबला की मागून आवाज येत होता... ठक... ठक... म्हाताऱ्यांच्या काठ्या होत्या हो, दुसरं काय असणार? पण मी मागं वळून पाहिलं नाही.

हद्द आली. सावरीचं झाड, दगड. आणि दगडापाशी एक पांढरी गाडी, इंजिन चालू, काचेवरचे ते पाणी पुसायचे हात डावी-उजवीकडं, डावी-उजवीकडं. आत कोण, दिसत नाही. ढोल थांबला. सगळे थांबले. कोंबडासुद्धा गप्प! आणि त्या शांततेत श्रुतिकाचा फोन वाजला, टुंग. मी स्क्रीन पाहिली.

'इतकी माणसं का आणलीस?'

मी ते मोठ्यानं वाचलं. कसं वाचलं मला ठाऊक नाही. श्रीपतनं गाडीकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं, त्याला कळेना उत्तर द्यायचं कुणाला, मग त्यानं दोघांना पुरेल अशा आवाजात सांगितलं, 'देवा, रीत हाय ती!' आणि ढोलावर अशी टिपरी घातली की झाडावरचं पाणी खाली आलं. सगळी वाडी पुढं सरकली, हातात नारळ, कोयते, काठ्या, तोंडावर भक्ती! गाडी मागं गेली, वाकडी गेली, एक चाक गटारात, बाहेर काढलं, वळली आणि धुक्यात गेली. नंबर चिखलानं माखलेला. मागच्या काचेवर तेवढी पिवळी अक्षरं दिसली, 'भैरीची कृपा'. बनुबाईनं गाडीला हात जोडले. 'बघा बाई, देवाचं नाव घेऊन आला. लाजला मानसांना बघून. म्हटलं ना, आपलाच हाय तो!' मग त्यांनी राखण दिली, रश्शाचा वास सुटला, आणि मी रस्त्याकडेला बसले, पोरीला मांडीशी धरून, आणि दोघी रडलो.

दुपारी पोलीस आले. चांगली माणसं, पोरीशी एक बाई पोलीस हळू बोलली, फोन घेतला, मी पाहिलं ते सगळं सांगितलं. मुंबईला फोन गेला, तिची आई मिळेल त्या गाडीनं निघाली. जाताना साहेबांनी एकच विचारलं, 'बाई, त्याला रिबीन दिसली कुठून?' मी अंगणात उभी. म्हटलं, इथून तर कोणी... आणि मी वर पाहिलं. देवळाच्या वळचणीला एक पांढरा डबा. त्यात लाल ठिपका. गेल्या शिमग्यापासून मी त्याच्याखालून रोज देवाला नमस्कार करून जात होते!

मंडळाचा कॅमेरा! मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा, घरबसल्या दर्शन म्हणून. लगोलग सेक्रेटरी सहदेवला फोन लावला. तो खूश. 'अरे बाई, एकदम क्लिअर दिसतंय! लिंक टाकतो, तुम्ही पन बघा ना!' मी लिंक उघडली. देवाचा कोपरा दिसत होता, एवढासा. बाकी सगळं अंगण. शाळेची पायरी, नळ, आणि मध्ये एक बाई पाठमोरी, हातात फोन. मी. मी मान वळवली. फोनमधली मी अजून तशीच उभी होती... मग तिनं मान वळवली. आणि खाली एक डोळ्याचं चित्र, बाजूला आकडा, किती जण बघतायत. चाळीसच्या वर.

मी सहदेववर अशी तडकले की आयुष्यात कधी तडकले नव्हते. त्यालाही धक्का बसला, खोटं कशाला बोलू, रडवेला झाला. म्हणाला, जुनी लिंक बंद, कुठल्या कुठं फिरली असेल. कॅमेरा फिरवून फक्त देवाच्या तोंडावर लावला. नवी लिंक, पासवर्ड, आणि दिली फक्त मंडळाच्या मेंबरांना, आणि देखरेखीला म्हणून मला. म्हटलं, चला, सुटलो.

मी रोज बघू लागले. पहिल्या दिवशी पंधरावीस जण. मग पाच. मग कोणी नाही. बरोबरच आहे, देव हलत नाही ना! पोरं हलायची, ती बघायला मजा. पण मग माझ्या लक्षात आलं... शाळेची घंटा झाली की त्या डोळ्यापुढं माझ्याशिवाय एक आकडा वाढतो. एकच. शाळा सुटली की जातो. रविवारी नाही. नारळी पौर्णिमेच्या सुट्टीला नाही. तुम्हाला सांगते, असा कोणता भक्त, ज्याला देवाचं दर्शन शाळेच्या वेळेतच लागतं? तो देव बघत नाहीये. तो कॅमेरा परत वळायची वाट बघतोय.

सहदेवला विचारलं, कोण आहे? म्हणाला, नाव दिसत नाही. मग मी अंधारात दगड मारावा तसं विचारलं, ते 'भैरीची कृपा' स्टिकर बाजारात कुठं मिळतात हो? तर म्हणाला, 'बाजारात कुठले बाई, ते आपन छापले शिमग्याला. फक्त मेंबर लोकांच्या गाडीला.' आणि बोलता बोलता त्याच्याही लक्षात आलं. मी ते पोलिसांना कळवलं, पण मेंबर शेकड्यानं, पांढऱ्या गाड्या डझनानं. शोधतायत. मुंबईत वाढलेला असणार, एवढं मला कळतं, कारण त्याला राखणदार ठाऊक, दगड ठाऊक, पण नारळाची रीत ठाऊक नव्हती.

मी बनुबाईला जाऊन सांगितलं, लिंक बाहेरच्या कुणाकडं नाही, गाडीवर मंडळाचा स्टिकर. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. नातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि पहिल्यांदाच हसली नाही. 'म्हंजे बाई... आपलाच हाय तो.'

तेव्हापासून ते पोस्टर मी उलटं करून ठेवलंय. टोपडं घातलेला माणूस भिंतीकडं तोंड करून बसलाय बिचारा, त्याचा काय दोष! आता परवा मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. म्हणाले, झालं त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं, शाळेच्या सुरक्षा समितीवर मुंबईहून एक जण पाठवतो, महिन्यातून एकदा येईल, पोरांशी बोलेल. मी विचारलं, कोण? म्हणाले, 'बाहेरचा नाही हो बाई, काळजी करू नका. आपलाच माणूस आहे!'

मी म्हटलं, पाठवा. फक्त हद्दीवर थांबायला सांगा त्याला, दगडापाशी. आम्ही सगळी वाडी येतो घ्यायला... कोंबडा, कोयते, सगळं घेऊन. रीत आहे ती.